नाकावरची रबरी टोपी

मित्रांनो, मी एक जुना, चार पायांचा यंत्रमानव आहे. भर समुद्रात, लोखंडी खांबांवर उभ्या असलेल्या वायूच्या कारखान्यात मी कामाला होतो. जिथे धोका असेल तिथे माणसांच्या आधी मी जायचो. डोळ्यांनी काटे वाचायचो, नाकाने विषारी वायू हुंगायचो आणि नियंत्रण कक्षातल्या ताईंना कळवायचो. मी 'हवा साफ' म्हटलं की मगच माणसं आत शिरत.

सुरुवातीला सगळ्यांनी नाकं मुरडली. हे डबडं आता आमच्या पोटावर पाय आणणार, म्हणाले. पुढे मी एक मोठी गळती हेरली, तेव्हा तीच मंडळी माझी पाठ थोपटू लागली. म्हातारे मिस्त्री मात्र पहिल्यापासून माझे. मला 'गड्या' म्हणायचे. खाऱ्या वाऱ्याने माझे सांधे धरायचे, म्हणून रोज सकाळी गोड्या पाण्याने अंघोळ घालायचे. नाकात पाणी जाऊ नये म्हणून त्यावर रबरी टोपी चढवायचे. अंघोळ झाली की टोपी काढून खिशात टाकायची, खिसा चाचपायचा आणि मला कामाला सोडायचं, ही त्यांची रीत.

त्या सकाळी अंघोळ अर्धीच झाली होती. पंपाच्या खोलीतून घरघर येतेय, गड्याला लगेच पाठवा, असा ताईंचा निरोप आला. मिस्त्रींनी घाईघाईने खिसा चाचपला. टोपी हाताला लागली. पण ती आदल्या दिवशी फाटलेली, टाकायची राहून गेलेली. नवी माझ्या नाकावरच होती.

मी खोलीभर फिरलो. कसलाच वास आला नाही. इमानाने कळवलं, हवा साफ.

तरी पंप दुरुस्त करायला निघालेल्या मिस्त्रींना ताईंनी मुखवटा लावून जायला सांगितलं. ते हसले.

"गड्या बोललाय ना? मग झालं तर."

मुखवटा गळ्यातच राहिला. दाराच्या आत जेमतेम पोचले आणि कोसळले. मी शेजारीच उभा होतो. मला हात नाहीत हो, मित्रांनो. माणसं धावत येईपर्यंत सगळं संपलं होतं.

आता मी किनाऱ्यावरच्या गोदामात गंजत पडलोय. ताई कधीमधी येतात. माझ्या नाकावरून बोट फिरवतात, तिथे काही नाही ना हे बघतात आणि जातात.

मित्रांनो, आम्हा यंत्रांची निगा राखा, आमच्यावर विश्वासही टाका. पण कामाला धाडण्याआधी एकदा आमच्या तोंडाकडे बघा. माझ्यावर एवढी माया करणाऱ्या माणसाकडून त्या सकाळी तेवढंच राहून गेलं.