टोचणारी वाळू

दाट मिश्रणं कशी वाहतात, यावर आराधना पुण्याच्या प्रयोगशाळेत तीन वर्षं संशोधन करत होती. नाताळच्या सुट्टीत ती मिरजगावला आली, तेव्हा गवंडीकाम करणारे तिचे वडील शमुवेल विहिरीच्या दगडी बांधकामातल्या भेगा भरत होते. भेगेत पाईप बसवून वरून सिमेंट-वाळूचा सैल माल सोडायचा, एवढंच काम. नदीची वाळू मिळाली नव्हती, म्हणून त्यांनी क्रशरची, दगड फोडून केलेली, आणली होती.

"पप्पा, प्रमाण मी सांगते," असं म्हणून आराधनानं रुबाबात मापं मोजली. थोडा माल खाली गेला आणि पाईप गच्च तुंबला. तिनं पाण्याची बादली उचलली, तसे शमुवेल ओरडले, "पानी नगं! कच्चा राहील त्यो."

त्यांनी चिमूटभर वाळू तिच्या तळहातावर चोळली. ती टोचली.

"नदीची वाळू गोल, घरंगळत जाती. ही एकमेकीत कोपरं खुपसून बसती. हिला जागा लई लागती. चार घमेल्यांच्या जागी तीनच घाल."

पाईप धुऊन तिनं तसा माल कालवला. तो सुळकन उतरला.

"मग तुमी तिथं कसली वाळू वापरता?"

"काचेचे गोल मणी," आराधना ओशाळून म्हणाली.

शमुवेलांना हसता हसता ठसका लागला.

सुट्टी संपताना तिनं किलोभर वाळू पुण्याला नेली. आठवड्यानं तिचा फोन आला.

"पप्पा, मण्यांच्या जागी तुमची वाळू घातली, तर आमचं मशीन अडकलं!"

"घमेलं कमी करा म्हनावं तुझ्या सरांना," शमुवेल म्हणाले.