चहात पोहलेल्या पेशी

“आता जे सांगणार आहे, ते तुमच्यापैकी एकालाही पटायचं नाही,” लॅमिंग्टन केकचा तुकडा चहात बुडवत डॉ. ऊना पास्को म्हणाल्या. ऑकलंडच्या प्रयोगशाळेतला हा त्यांचा निरोपाचा चहा होता. पेशी जगतात कशा आणि सरकतात कशा, हे बघण्यात त्यांची उभी हयात गेली होती. इतरांकडे माना टाकणाऱ्या पेशी आपल्याकडे बाळसं धरतात, याचा त्यांना भारी ताठा होता. आता हा सगळा संसार आपल्या हाताखालच्या लेसिएलीच्या हाती द्यावा, असं त्यांच्या मनात होतं. पोरीचा हात सोन्याचा होता, पण टोंगा बेटांकडच्या, मोठ्यांचा मान राखणाऱ्या घरातली असल्यामुळे ती वडीलधाऱ्यांना कधी उलटून बोलायची नाही. साहेबाची चूक तोंडावर न सांगणारीच्या हाती प्रयोगशाळा कशी द्यायची?

“काचेच्या बशीतल्या पेशींवर मी एक ओरखडा काढला,” ऊना सांगू लागल्या. “दोन्ही काठांनी सरकत येऊन त्यांनी तो बुजवला. तेवढ्यानं भागेना, म्हणून टेबलावरून उतरल्या आणि माझ्या कपाचा तडासुद्धा सांधून आल्या.”

“तरीच हल्ली चहाला चव असते!” प्रयोगशाळेतला ग्रॅहम म्हणाला. सगळे खिदळले. लेसिएली मान खाली घालून बसली होती.

“मग त्या चहातच उतरल्या, आणि कशालाही न धरता आठवडाभर मजेत पोहत राहिल्या.”

लेसिएलीचा कप टेबलावर आदळला.

“साफ खोटं, डॉक्टर! धरायला काही नसलं की या पेशी मरतात. मला हे शिकवलं कुणी? तुम्हीच ना!”

ऊनांनी हसत प्रयोगशाळेच्या किल्ल्या तिच्यापुढे सरकवल्या.