लक्ष्मीबाईंचं बिल

लक्ष्मीबाईंनी कढईतलं लांब दांड्याचं उलथणं काढलं, ते चारुशीलाबाईंच्या हातात कोंबलं आणि पदर कमरेला घट्ट खोचला.

"हलवत ऱ्हावा. खाली लागलं तर समदी कढई तुमच्याच घरी पोचवीन."

चारुशीलाबाई म्हणजे गावातल्या मास्तरांची बायको. आल्या होत्या खवा विकत घ्यायला. भट्टीपुढं उभं राहायची त्यांची ही पहिलीच वेळ. पण बोलून चुकल्या होत्या. त्यांच्या यज्ञेशला, तो पुण्यात शिकतो आणि सुट्टीला घरी आला होता, लक्ष्मीबाईंच्या सुनेनं आपलं काही लिखाण तपासायला पाठवलं होतं. त्यात एक बिल होतं. बिलावर लक्ष्मीबाईंचं नाव आणि नावापुढं तांबड्या अक्षरांत 'येणे बाकी'. चारुशीलाबाईंनी ते लेकाच्या मोबाइलवर पाहिलं होतं आणि जमेल तेवढी काळजी तोंडावर आणून भट्टीवर सांगितलं होतं.

ईट गावात लक्ष्मीबाईंच्या जिभेला सगळे दबकून असत आणि शब्दाला मान देत. दुधाचे पैसे गवळ्यानं मागायच्या आत त्याच्या हातावर पडत. आणि स्वतःचं येणं? ते त्यांनी जन्मात कुणाला तोंड उघडून मागितलं नव्हतं. मिठाईवाले स्वतः यायचे, कट्ट्यावर नोटा ठेवायचे. मागणं म्हणजे हात पसरणं, एवढं त्यांना शाळेत न जाताही कळत होतं. आणि आता सुनेनंच त्यांना जगापुढं मागायला बसवलं होतं.

"माझं नाव काढ त्यातनं," त्या उंबऱ्यातूनच म्हणाल्या.

सुनेनं, दीपमालानं, लॅपटॉपवरून मान वर केली. कुणी सांगितलं, हे तिनं विचारलं नाही. बाहेरून उलथण्याबरोबर मास्तरीणबाईंच्या बांगड्या वाजत होत्या. तिनं खुर्ची पुढं सरकवली. लक्ष्मीबाई बसल्या नाहीत, म्हणून मग तीही उभी राहिली आणि समजावून सांगू लागली. दूरदेशी कुणाचा तरी प्रोग्राम बिघडतो. तो इंटरनेटवर जाहीर करतो, जो नीट करील त्याला इतकं देईन. ज्याला जमतं तो करतो. मग त्यानं पैसे मागायचे कसे? तर त्याचं बिल बनवून देणारं एक साधन आहे. पैसे नोटांत नाहीत, क्रिप्टो म्हणून कॉम्प्युटरातलंच चलन असतं, त्यात मिळतात. ते साधन कसं वापरायचं, याची मराठीतली पानं दीपमाला लिहीत होती. आज संध्याकाळी ती पानं सगळ्यांसाठी खुली व्हायची होती.

"म्हंजी गुत्तं," लक्ष्मीबाई म्हणाल्या. "खुरपणीचं देतो तसं. काम उरकलं की पैसं."

"व्हय आत्या, गुत्तंच."

"मग त्यात म्या कुठं आले?"

शिकणाऱ्याला दाखवायला नमुन्याचं एक बिल लागतं, दीपमाला म्हणाली, आणि बिलावर कुणाचं तरी नाव घालावंच लागतं.

"चारुशीलाचं घाल. तिला मागायची सवय हाय. आपलं विरजण न्हेलंय ते आजून परत आलं न्हाय."

बाहेरून हाक आली, हात भरून आलाय म्हणून.

"दुसऱ्या हातानं हलवा," लक्ष्मीबाईंनी आतूनच सांगितलं आणि पुन्हा सुनेकडं वळल्या. "आन काम तरी कसलं केलंय म्या, येवढं मागायला?"

दीपमालानं लॅपटॉप उचलून सासूच्या बाजूला वळवला.

लक्ष्मीबाईंना अक्षराला अक्षर जोडून वाचता येई. त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. आपलं नाव ओलांडून बोट खालच्या ओळीवर आलं.

'काम: सुनेच्या हातनं खवा करपतो असं गावभर सांगून तिची पहाटेची कढई स्वतः हलवली. तिला कॉम्प्युटर शिकू दिलं.'

बोट तिथंच राहिलं.

लग्न होऊन वर्ष झालं नव्हतं तेव्हाची गोष्ट. भट्टीवरच्या गिऱ्हाइकांसमोर त्यांनी दीपमालाच्या हातून उलथणं हिसकावून घेतलं होतं. असल्या हातचा खवा कुत्रंबी खायचं न्हाय, जा, आत जाऊन त्या डबड्यापुढं बस, म्हणून हाकललं होतं. गाव सुनेला हसलं. पण सुनेला आयतं बसवून ठेवलंय, असं भावकीतलं कुणी कधी म्हणालं नाही. लक्ष्मीबाईंना तेवढंच हवं होतं. बाकी कुणाला, अगदी त्या पोरीलासुद्धा, काही कळायचं कारण नव्हतं.

"खवा कधी करपलाच नव्हता," दीपमाला हळूच म्हणाली. "म्या चाखून बघायची की."

"गप." लक्ष्मीबाईंनी बोट काढून घेतलं. आता बसल्या. "हे समद्यांनी वाचायचं?"

"मराठी वाचता येतंय त्या समद्यांनी."

लक्ष्मीबाईंनी नाक ओढलं. पडद्याच्या दुसऱ्या टोकाला एक आकडा होता, तो केवढ्याचा, ते त्यांनी विचारलं. आपले दोनशे धरा, दीपमाला म्हणाली, सरावापुरतेच, खरे नव्हेत.

"दोनशे?" लक्ष्मीबाईंचा आवाज पुन्हा चढला. "दोनशात बाई बांधावर येऊन बसत न्हाय. लाज वाटत न्हाय माझी किंमत करायला? वाढव."

दीपमालाला हसू आवरेना. तिनं एक शून्य वाढवलं.

"आनिक एक."

तिनं तेही वाढवलं. मग डोळे पुसत पुढचं सांगितलं. शिकणारा माणूस पानं वाचत इथवर येतो आणि सरावाच्या पैशांनी हे बिल चुकतं करतो. पण ते त्याच्यापुरतं. दुसरा कुणी शिकायला आला की त्याला ही बाकी पुन्हा तशीच दिसते.

"म्हंजी कितीबी जणांनी दिलं तरी फिटायचं न्हाय?"

"न्हाय आत्या. फिटायचंच न्हाय."

लक्ष्मीबाईंनी त्या तांबड्या अक्षरांवरून एकदा बोट फिरवलं. मग उठल्या, जाता जाता सुनेच्या कपाळावर आलेले केस जरा जोरातच मागं सारले.

"मग ऱ्हाऊ दे," म्हणाल्या, आणि कढईकडं गेल्या.