वरच्या रांगेतला कलश

आमचं दाहगृह शंभर वर्षांचं. आधी कोळशाची भट्टी, मग गॅसची, आणि मागच्या महिन्यात तीही थंड झाली. शेजारचं अस्थिगृह पाडायचं ठरलं, तेव्हा कोनाडे उघडून कलश ज्याचे त्याला द्यायचं काम माझ्या गळ्यात पडलं. बाबा इथले भट्टीवाले. त्यांच्यामागे अकरा वर्षं मी इथली राखणदार.

न्यायला फारसं कोणी फिरकलं नाही. घड्याळवाले काका मात्र आले. बावीस वर्षं दर शुक्रवारी ते खालच्या रांगेत, बायकोच्या कोनाड्यापाशी स्टूल टाकून बसायचे. नळ गळतोय, सून बोलत नाही, कवळी हरवली, सगळं तिच्या कानावर घालायचे. मी म्हणायचे, "काका, काकूंना जरा झोपू द्या की!"

भट्टीत प्रत्येक देहाबरोबर नंबर कोरलेली मातीची चकती जाते. राख कोणाची, ते तीच सांगते. काकांसमोर कलश उघडला, तर चकतीवर भलताच नंबर.

नोंदवही पाहिली आणि माझं डोकंच फिरलं. काकू होत्या सगळ्यात वरच्या रांगेत. त्या गेल्या त्याच महिन्यात भिंत रंगवली होती. रंगासाठी काढलेल्या नावाच्या पाट्या परत लावताना बाबांच्या हातून दोन पाट्यांची अदलाबदल झाली. काका तेव्हा स्वतः इस्पितळात, त्यांनी मूळ जागा पाहिलीच नव्हती. "माझ्या हातून चूक? शक्यच नाही," असं जन्मभर मिरवणारे आमचे बाबा!

गप्प बसावं असं फार वाटलं. पण परक्याची राख काकांच्या हातात कशी देऊ? सांगून टाकलं. मग शिडी लावून काकूंचा कलश खाली आणला.

"मग हा कोण?" काकांनी पहिल्या कलशाकडे बोट केलं.

"एक हमाल. मागे कोणी नव्हतं त्याच्या."

"म्हणजे माझ्या घरची सगळी भांडणं याला पाठ!" ते हसले. मग हसू मावळलं. काकूंचा कलश त्यांनी दोन्ही हातांनी घेतला. "आणि ही बावीस वर्षं एकटीच?"

मी शिडी मिटून भिंतीला टेकवली.

"वर कोणी जायचं का गं? पुसायला वगैरे?"

अकरा वर्षांत मी त्या शिडीवर पाय ठेवला नव्हता.

"रोज जायचे, काका."

त्यांनी स्वतःच्या तळहातांकडे पाहिलं. धुळीनं काळे झाले होते.

"बरं केलंस," ते म्हणाले, आणि बाहीनं कलश पुसू लागले.