नवरीचा मामा

“दादा, दोर तू नको बांधू. खाली उतर.”

साळुबाई हळूच म्हणाली, पण मांडवात ज्यांना ऐकायचं त्यांनी ऐकलंच. तिचा थोरला भाऊ हौशीराम शिडीवर उभा होता, हातात मांडवाचा दोर. नवरदेवाचा चुलता रखमाजी पान चघळत हसला. “ऱ्हाऊ द्या की विहीणबाई. पावण्यांची गाठ लई पक्की बसती म्हनं!”

चार माणसं हसली. हौशीराम दोर सोडून खाली आला.

तुरुंगात शिपाई म्हणून त्यानं जन्म काढला. त्यात एकदाच, एका सकाळी, साहेबाच्या हुकमानं त्यानं फाशीचा खटका ओढला होता. भीमाशंकराच्या पायथ्याच्या त्याच्या गावात ती बातमी त्याच्या आधी पोचली. तेव्हापासून बैलाचं दावं वळायलाही त्याला कुणी हाक मारीत नसे. धाकटा कुंडलिक फौजेत. गेल्या साली कारगिलला लढला आणि मांडीत लोखंडाचा तुकडा घेऊन आला. त्याला घोडेगावापासून वाजतगाजत आणलं, दारोदारी बायांनी ओवाळलं. मिरवणुकीत हौशीराम सगळ्यांच्या मागं चालत होता. दोघांनीही सरकारच्या हुकमानंच माणूस मारला. मग एकाच्या गळ्यात हार आणि दुसऱ्याच्या हातचा दोरही चालत नाही, हे कसं?

आज खोडदला साळुबाईच्या लेकीचं, इंद्रायणीचं लग्न. नवरीच्या पाठीशी थोरल्या मामानं उभं राहायचं. लहानपणी इंद्रायणीनं सगळ्या जत्रा त्याच्याच खांद्यावर बसून पाहिल्या होत्या.

“आजून येक, दादा,” साळुबाई पदर चाचपत म्हणाली. “पाठीशी कुंडलिक उभा ऱ्हाईल. नवऱ्याकडच्यांचं म्हननं हाय तसं.”

“अन् तुझं?”

साळुबाई तांदूळ निवडायचं राहिलंय म्हणून आत गेली.

गोठ्यामागं कुंडलिक बाजेवर पाय लांब करून बसला होता. छातीवर बिल्ला.

“बस की, दादा.”

“बसतो. तुमी उभं ऱ्हायाचं, आमी बसायाचं.”

“मी कुठं मागितलंय?”

“तुला मागावं लागत नाय, त्येच तर म्हनतो! मी येकच मारला, त्योबी कोर्टानं तीन-तीनदा तपासून दिलेला. दागिन्यासाठी म्हातारा-म्हातारी कापली व्हती त्यानं. तुझ्यावाल्यानं काय केलं व्हतं रं?”

“माझ्यावाल्याच्या हातात बंदूक व्हती, तुझ्यावाल्याचं हात मागं बांधलेलं. लोक येवढंच बघत्यात.”

हौशीरामला थोबाडीत बसल्यासारखं झालं. तो उठायला लागला, तशी कुंडलिकनं त्याची बाही धरली.

“लोक म्हनत्यात तसं. पर बंदूक हातात नव्हती, दादा. दगडाला टेकवून ठिवली व्हती. बर्फ वितळवून च्या करीत व्हता त्यो. मी मागनं गेलो.”

“हाक न्हाई दिली?”

“दिली असती तर आज हार फोटोला घातला असता तुमी. लढाईत असंच असतंय. साहेबबी म्हनले, बरोबर केलंस.” तो मांडी चोळू लागला. “तुझ्यावाल्याला काय दिलं सकाळी?”

“आंगूळ. च्या. तोंडावर टोपी चढवायच्या आदी मी त्याच्या कानात बोललो. म्हनलं, माझं काय नाय बाबा, हुकूम हाय. माफ कर.”

“मग?”

“मान हलवली त्यानं.”

“मान हलवली!” कुंडलिकचा आवाज चिरकला. “नशिबाचा हायेस. माझ्यावाल्यानं माझं तोंडबी बघितलं न्हाई.”

हौशीरामला बरं वाटलं, लाज वाटावी इतकं बरं. कुणाला तरी आपला हेवा वाटला होता, तोही या हारवाल्याला. मनात आलं, आता मांडवात जावं आणि ओरडून सांगावं, तुमच्या वीरानं पाठीमागून मारलाय. मग करा उभा कुणाला करायचा तो.

“आज तूच उभा ऱ्हा,” कुंडलिक म्हणाला. “पाय दुखतोय म्हनून सांगतो मी.”

“तू दिलेला मान नगं. त्यांनी द्याया पायजे.”

तेवढ्यात रखमाजीची हाक आली, “मामा! नवरीचा मामा कुठाय?” कुंडलिक लंगडत गेला.

मंगलाष्टकं लांबली. गाणाऱ्या बायांना चढच आला होता. हौशीराम खांबापाशी अक्षता मुठीत घेऊन उभा होता. बाहेर पोरांनी फटाक्यांची माळ लावली आणि कुंडलिक दचकला. दुखरा पाय थरथरायला लागला. तो पुढं झुकत चालला, नवरीच्या अंगावर जाईल असा.

पडू दे, असं हौशीरामच्या मनात आलं. अगदी स्पष्ट आलं.

मग तो माणसं सारीत पुढं गेला आणि भावाच्या मागं उभा राहून त्यानं पाठीला तळहात लावला. सदरा घामानं भिजला होता. कुंडलिकनं सगळा भार त्या हातावर टाकला. रखमाजीचं तोंड वाकडं झालं. साळुबाईनं पाहिलं आणि नजर खाली घातली.

“ओ बाबा, मागचे,” फोटोवाला ओरडला, “जरा बाजूला व्हा. फोटोत येताय तुमी.”

हौशीरामनं मान तेवढी बाजूला केली. हात काढला नाही.