बाबांच्या रक्ताचा गोळा

मी एक सेंट्रिफ्यूज. लखनऊच्या जानकीपुरममधल्या एका छोट्या दातांच्या दवाखान्यात, बेसिनशेजारच्या ओट्यावर असतो. २०१३ साली डॉ. चित्राने मला आणलं. दात काढायच्या आधी ती पेशंटच्या हातातून रक्त घ्यायची आणि नळी लगेच माझ्यात ठेवायची. बारा मिनिटं मी गरगर फिरायचो. नळीच्या मध्यावर पिवळसर, लिबलिबीत गोळा जमायचा. तो दाबून दाताच्या खड्ड्यात बसवला, वर टाका घातला, की जखम भरायला मदत व्हायची. लोक खूश होऊन जायचे. मीही जरा फुशारलोच होतो.

पुढच्या वर्षी तिचे बाबाच खुर्चीत बसले. उल्हासराव, रेल्वेतले निवृत्त इंजिनियर. खालची दाढ पार किडली होती.

“बाबा, बीपीच्या गोळीशिवाय काही चालू आहे?”

“काही नाही गं. काढ लवकर.”

त्यांचं रक्त मला इतरांसारखंच वाटलं. गोळा तर फारच सुरेख जमला.

दोन महिने झाले तरी जखम भरेना. हिरडी मागे सरली, आतलं हाड उघडं पडलं, त्याला वास येऊ लागला. एक्स-रे हातात धरून चित्राने पुन्हा विचारलं.

“दर महिन्याला हाडांचं इंजेक्शन घेतो. प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांत उतरलाय.”

“ते चालू असताना अशी दाढ काढत नाहीत, बाबा. जबड्याचं हाड मरतं. मला का नाही सांगितलंत?”

“आई गेली तेव्हा सहा महिने तू दवाखाना उघडला नव्हतास. म्हटलं, परत तसं नको.”

शेवटचे चार महिने बाबांना पेजेखेरीज काही गिळवलं नाही. कॅन्सरने ते जाणारच होते, पण जबड्याचं दुखणं त्यात वाढलं ते आमच्याकडून. ते गेल्यावर चित्रा तिच्या मदतनीस लतिकाला म्हणाली, “मी एकदाच विचारलं गं. परक्या माणसाला मी तीनदा विचारते.”

आता माझं झाकण नीट बसत नाही, फिरताना थरथरतो. तुम्ही कधी अशा खुर्चीत बसलात तर सगळं सांगा. रक्तातलं मला काही कळत नाही.

परवा एक आजी सुनेबरोबर आल्या.

“अम्माजी, हड्डी का कोई इंजेक्शन लगता है?” चित्राने विचारलं.

“नहीं, कुछ नहीं,” सूनच म्हणाली.

आजींनी मान खाली घातली. चित्राने रिकामी नळी ट्रेमध्ये परत ठेवली, सुनेला बाहेर बसायला सांगितलं आणि स्टूल ओढून आजींच्या अगदी जवळ बसली.