गुलाल आधी, करार मागून

चाकणच्या पट्ट्यात एक उलटी रीत आहे. कंपनीत पगारवाढीचा करार झाला की आधी गुलाल उधळायचा, ताशा बडवायचा, पुढाऱ्याला खांद्यावर घ्यायचं. आत काय लिहिलंय ते मागाहून ऐकायचं. अहो, लग्न लागल्यावर नवरी बघण्यातला प्रकार हा!

कुलदीपही तसाच फसला. बीडकडचा हा गडी एकाच कंपनीत कितीतरी वर्षं कंत्राटी. बायको प्राजक्ता त्याच्याबरोबर कुरुळीत एका खोलीत, पूर्वी नावाची लेक गावाकडे आजीपाशी. पर्मनंट झालो की लेकराला इकडे आणायचं, एवढं एकच नवरा-बायकोचं ठरलेलं. त्याच्याच मशीनवर काम करणारे रंगराव युनियनचे अध्यक्ष, निगडीत स्वतःचं घर असलेले. ते म्हणाले होते, "भावा, तुम्ही पोरं साथ द्या. या करारात तुम्हाला पर्मनंट करून घेतो, शब्द आहे माझा."

साथ दिली की हो! पर्मनंटवाल्यांनी नुसत्या काळ्या फिती लावल्या. ओव्हरटाइम नाकारून लाइन बंद पाडली ती या कंत्राटी पोरांनी. नाक दाबलं तेव्हा कुठे कंपनीचं तोंड उघडलं.

आज गेटवर मांडव पडला. कुलदीपने पोरांच्या वतीने रंगरावांच्या गळ्यात भलामोठा हार घातला, त्यांना खांद्यावर घेऊन नाचला, नखशिखांत लाल झाला. मग एचआरचे गुरुदत्तसाहेब माइकवर कलमं वाचू लागले. पगारवाढ, टाळ्या. मेडिक्लेम, टाळ्या. "कंत्राटी कामगार या महिनाअखेरीस कमी करून त्यांच्या जागी शिकाऊ उमेदवार घेण्यास युनियनची संमती आहे." यालाही टाळ्या! मेल्यांनी ऐकलं तरी होतं का? कुलदीपनेही सवयीने हात उचलले होते. ते तसेच राहिले.

कालपर्यंत एकमेकांच्या नावाने बोटं मोडणारे साहेब आणि रंगराव आता एकमेकांना पेढा भरवत होते. कुलदीप त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिला.

"दादा, आमचं काय?"

रंगरावांनी पेढा गिळला. "कंपनी टिकली तर आपण टिकणार, कुलदीप. तुमच्यासाठी अडून बसलो असतो तर आमच्या लोकांचाही करार गेला असता. त्यांना संसार आहेत रे."

"अन् आमाला न्हाईत? मशीन एकच हाय ना दादा? मी ह्या अंगाला, तुमी त्या अंगाला."

"पुढं बघू काहीतरी," रंगराव पुटपुटले. साहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात टाकला आणि दोघे जेवायला आत गेले.

कुरुळीत दारातच प्राजक्ताने त्याला लाल झालेला पाहिला आणि तिचा आनंद गगनात मावेना. त्याने तोंड उघडायच्या आत तिने गावाकडे व्हिडिओ कॉल लावला. "पूर्वे, बघ, पप्पा पर्मनंट झाले!"

पलीकडे लेकरू नाचायला लागलं. "पप्पा, मला न्यायला कवा येणार?"

कुलदीपला रंगरावांचा संताप आला, साहेबांचा आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा आला. त्याने फोन छातीशी पालथा धरला.

"तू सांग तिला," तो प्राजक्ताला म्हणाला, "बापाचं काम गेलं म्हणून. मला न्हाई सांगता येत."